निविदा नाही, स्पर्धा नाही, कंपनी एकच: लष्कराच्या उपग्रह टर्मिनलची देखभाल-कंत्राटं अशी का निघतात

अमेरिकी सरकारच्या खरेदीच्या सूचना 'सॅम डॉट गव्ह' या संकेतस्थळावर लागतात. तिथं वरचेवर एक ठरावीक साच्यातली सूचना दिसते. लष्कराच्या अमुक उपग्रह टर्मिनलची देखभाल, दुरुस्ती आणि सुटे भाग. मुदत एक वर्ष, पुढं चार वर्षं वाढवण्याची मुभा. आणि शेवटी एक वाक्य: हे कंत्राट मूळ उत्पादक कंपनीलाच, स्पर्धेविना देण्याचा सरकारचा इरादा आहे.

बातमी झाली की लोक चिडतात, आणि चिडणं साहजिक आहे. पैसा करदात्यांचा आणि घेणारा एकटाच. पण यातल्या काही कंत्राटांना खरोखर दुसरा पर्याय नसतो. काहींना पर्याय होता, तो वेळेवर जपला नाही. आणि काहींमध्ये 'पर्याय नाही' हे नुसतंच सांगायचं कारण असतं. वरून तिन्ही सारखी दिसतात. ती वेगळी ओळखायची, तर आधी यंत्र, मग कायदा आणि मग कागदपत्रं अशा क्रमानं जावं लागतं.

यंत्रात दुरुस्त करण्यासारखं असतं काय?

उपग्रह टर्मिनल म्हणजे जमिनीवरचं, जहाजावरचं किंवा वाहनावरचं ते यंत्र, जे उपग्रहाशी बोलतं. लोकांना त्यातली तबकडी तेवढी दिसते. कंत्राटातला पैसा मात्र बहुतेक तबकडीच्या मागच्या कपाटांवर खर्च होतो: पाठवायच्या सिग्नलला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, आलेला क्षीण सिग्नल उचलणारा ॲम्प्लिफायर, वारंवारता बदलणारे कन्व्हर्टर, मोडेम आणि अँटेना फिरवणारा नियंत्रक.

हे सगळं नाजूक का, ते अंतरावरून कळतं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. लष्करी एक्स बँडमध्ये, म्हणजे साधारण ७ ते ८ गिगाहर्ट्झवर, एवढ्या वाटेत सिग्नल सुमारे २०० डेसिबलनं घटतो. दोन्ही टोकांच्या अँटेनांची मदत बाजूला ठेवली, तर एकावर वीस शून्यं इतक्या पटींनी तो क्षीण होतो. म्हणून तबकडी मोठी लागते आणि तिचा नेम अचूक लागतो. १८ मीटर व्यासाच्या तबकडीचा या बँडमधला झोत जेमतेम ०.१५ अंश रुंद असतो. आकाशात चंद्रबिंब अर्धा अंश रुंद दिसतं. हा झोत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. नेम ०.०७५ अंशानं चुकला, की निम्मी ताकद गेली.

आता बिघाड. मोठ्या टर्मिनलमध्ये ताकदीचं काम बऱ्याचदा ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब करते. ही निर्वात नळी असते आणि तिला कित्येक हजार व्होल्ट लागतात. आतला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, म्हणजे कॅथोड, वर्षांगणिक थकतो आणि बाहेर पडणारी ताकद हळूहळू उतरते. ती उतरतेय हे नोंदवहीत दर महिन्याला लिहिलं, तर नवी ट्यूब वेळेत मागवता येते. नाही लिहिलं, तर एक दिवस दुवा तुटल्यावरच कळतं. राखीव ट्यूबचीही काळजी घ्यावी लागते. गोदामात पडून राहिलेल्या ट्यूबमध्ये सूक्ष्म प्रमाणात वायू साठतो. तिला आणल्या आणल्या पूर्ण व्होल्टेज दिलं, तर आत ठिणगी पडते आणि ट्यूब कायमची जाते. आधी नुसता हीटर काही तास चालवायचा, मग व्होल्टेज टप्प्याटप्प्यानं चढवायचं. किती तास आणि किती टप्पे, हे त्या ट्यूबच्या उत्पादकाच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका कोणाकडं आहे, हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढं सगळं त्याच्यावर येऊन थांबणार आहे.

दुसरा नेहमीचा बिघाड त्याहून साधा. ॲम्प्लिफायरपासून तबकडीपर्यंत सिग्नल वेव्हगाइड नावाच्या पोकळ धातूच्या नळीतून जातो. तिच्यात ओल शिरू नये म्हणून एक छोटा कॉम्प्रेसर कोरडी हवा किंचित दाबानं भरत राहतो. मधूनमधून चालणारा कॉम्प्रेसर अखंड धडधडायला लागला, तर कुठंतरी गॅस्केट गळतंय. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर नवाही तसाच धडधडतो. गॅस्केट तेवढी स्वस्त आहे. ती वेळेत बदलली नाही, की नळीत पाणी धरतं, ताकद वाया जाते, कधी आतच ठिणगी उडते आणि महागडा ॲम्प्लिफायर बळी जातो.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांना क्वचित माहीत असते. टर्मिनलचा बिघाड त्या टर्मिनलपुरता राहत नाही. ॲम्प्लिफायर मर्यादेपलीकडं चालवला किंवा चुकीचा जुळवला, की तो शेजारच्या वारंवारतांवर नको ते सिग्नल फेकतो, आणि उपग्रहाच्या त्याच ट्रान्सपाँडरवर, म्हणजे सिग्नल घेऊन परत पाठवणाऱ्या भागावर, बोलणाऱ्या इतर तुकड्यांच्या कानात गोंगाट होतो. त्यामुळं लष्करी उपग्रहावर जाण्यापूर्वी टर्मिनलच्या प्रकाराला चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. दुरुस्तीत एखादा भाग वेगळ्या बनावटीचा बसवला, तर ते प्रमाणपत्र अजून लागू आहे का, हा प्रश्न उभा राहतो. 'तसाच दिसणारा भाग बाजारातून आणा' हे इथं चालत नाही, त्याचं पहिलं कारण हे.

कायदा स्पर्धेच्याच बाजूनं आहे

अमेरिकेत १९८४ साली 'कॉम्पिटिशन इन काँट्रॅक्टिंग ॲक्ट' आला. नियम सरळ आहे: सरकारी खरेदी सर्वांना खुल्या स्पर्धेनं करायची. अपवाद सात. पुरवठादार खरोखर एकच असणं, असाधारण तातडी, देशातली उत्पादनक्षमता टिकवणं किंवा तज्ज्ञसेवा, आंतरराष्ट्रीय करार, दुसऱ्या एखाद्या कायद्याचीच आज्ञा, राष्ट्रीय सुरक्षा, आणि सार्वजनिक हित. यांपैकी एखाद्या अपवादाखाली एकाच कंपनीशी बोलून केलेल्या कराराला एकल-स्रोत कंत्राट म्हणतात.

लोकांना वाटतं, लष्कर म्हटल्यावर 'राष्ट्रीय सुरक्षा' हाच अपवाद लागत असेल. देखभालीच्या कंत्राटात बहुधा पहिलाच लागतो. त्यात एक पोटवाक्य आहे, आणि खरी मेख तिथंच आहे. अतिशय विशेष प्रकारच्या यंत्राचं काम पुढं चालू ठेवायचं असेल आणि नव्या कंपनीला दिल्यानं स्पर्धेतून वसूल न होणारा दुहेरी खर्च किंवा न परवडणारा उशीर होणार असेल, तर जुन्याच कंपनीला 'एकमेव' मानता येतं. म्हणजे जगात दुसरं कोणीच नाही असं सिद्ध करावं लागत नाही. दुसऱ्याला तयार करणं तोट्याचं आहे, एवढं दाखवलं तरी पुरतं.

हे दाखवायचं ते लेखी. त्या कागदाला आपण समर्थनपत्र म्हणू. रक्कम वाढेल तशी सही वरच्या माणसाची. २०२० च्या दुरुस्तीतल्या मर्यादा पाहिल्या तर ७,५०,००० डॉलरपर्यंत कंत्राट अधिकारी स्वतः, १.५ कोटीपर्यंत त्या कार्यालयातला स्पर्धेचा पाठपुरावा करणारा अधिकारी, संरक्षण खात्यात १० कोटी डॉलरपर्यंत खरेदी-विभागाचा प्रमुख आणि त्यापुढं खात्याचा सर्वोच्च खरेदी अधिकारी. या मर्यादा दर पाच वर्षांनी महागाईप्रमाणं वाढतात. २०२५ मध्ये संपूर्ण खरेदी-नियमावलीचं पुनर्लेखनही सुरू झालं, त्यामुळं कलमांचे क्रमांक बदललेले दिसतील. सात अपवाद मात्र कायद्यातले आहेत.

खरी गाठ: आराखडे कोणाचे?

इमारतीतली लिफ्ट डोळ्यांसमोर आणा. लिफ्ट बसवताना तीन कंपन्यांचे दर मागवले आणि सर्वांत स्वस्त लिफ्ट घेतली. दोन वर्षांनी देखभालीसाठी दुसरा माणूस बोलावला, तर तो म्हणतो, "नियंत्रकाला पासवर्ड आहे. तो मूळ कंपनीच्या यंत्राशिवाय उघडत नाही." लिफ्ट तुमची, पण तिच्या डोक्यात शिरायची किल्ली कंपनीची. पुढची वीस वर्षं देखभालीचा दर तीच ठरवणार. ही चूक देखभालीचं कंत्राट करताना झालेली नाही. लिफ्ट घेताना पासवर्ड आणि सर्किटचे नकाशे करारात मागितले नाहीत, तिथं झाली.

लष्कराचंही तसंच होतं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या नियमांत तांत्रिक माहितीवरच्या हक्कांचे मुख्य तीन प्रकार आहेत. विकास पूर्ण सरकारी पैशातून झाला असेल, तर सरकारला अमर्याद हक्क: आराखडा कोणालाही देऊन काम करून घ्या. दोघांचा पैसा मिसळला असेल, तर सरकारी कामापुरता हक्क, जो सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी अमर्याद होतो. आणि कंपनीनं स्वतःच्या पैशानं केला असेल, तर मर्यादित हक्क: सरकार माहिती स्वतः वापरू शकतं, पण प्रतिस्पर्ध्याच्या हातात देऊ शकत नाही.

तिसरा प्रकार ऐकून वाटतं, संपलं, हात बांधले. तसं नाही. चालवणं, देखभाल, बसवणं आणि प्रशिक्षण यांना लागणाऱ्या माहितीवर सरकारला अमर्याद हक्क असतो, विकासाचा पैसा कोणाचाही असो. यातून वगळलेली असते ती उत्पादनाची आणि प्रक्रियेची तपशीलवार माहिती. म्हणजे ट्यूब कशी बनवायची हे सांगायला कंपनी बांधील नाही. पण ती कशी तपासायची, कशी बसवायची, व्होल्टेज कसं चढवायचं, यावर सरकारचा हक्क आहे.

मग तरीही अडतं का? कारण हक्क असणं वेगळं आणि कागद हातात असणं वेगळं. कंत्राटासोबत एक यादी जोडतात, कोणती माहिती, कोणत्या स्वरूपात, कधी द्यायची याची. त्या यादीत देखभाल पुस्तिकेची ओळच नसेल, तर हक्क असूनही कपाट रिकामं. खरेदीच्या वेळी अंदाजपत्रक ताणलेलं असतं, माहितीच्या संचाची किंमत वेगळी मागितली जाते, आणि सर्वांत आधी कात्री लागते ती याच ओळीला. यंत्र तर आलं, उद्घाटन झालं. बिल दहा-पंधरा वर्षांनी येतं, आणि तोवर ती ओळ कापणारा अधिकारी तिथं नसतो. माझ्या मते या विषयातला सगळा राग त्या ओळीवर निघायला हवा. देखभालीच्या कंत्राटावर सही करणाऱ्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

उलट उदाहरणही यंत्रातच आहे. मोडेमसाठी अमेरिकी लष्कराचं १८८-१६५ हे प्रमाणित मानक आहे. ते पाळणारे वेगवेगळ्या बनावटीचे मोडेम एकमेकांशी बोलू शकतात, म्हणून तिथं पर्यायाला जागा राहते. अँटेना नियंत्रकाचं सॉफ्टवेअर एकाच कंपनीच्या घरचं असेल, तर तिथं ती राहत नाही. यंत्राच्या कोणत्या सांध्यावर मानक आहे आणि कोणत्या सांध्यावर कुलूप, यावरून त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं.

'मग कंपनी मागेल ती किंमत द्यायची?'

नाही. स्पर्धा नसली की किंमत उलगडून तपासावी लागते: किती तास, कोणत्या दराचा माणूस, कोणते भाग, वरखर्च किती आणि नफा किती. १९६२ च्या कायद्यानुसार मोठ्या वाटाघाटींत कंपनीला खर्चाची आकडेवारी खरी, पूर्ण आणि ताजी असल्याचं प्रमाणित करावं लागतं. ती सदोष निघाली तर किंमत मागाहून कमी करता येते. झालेला खर्च आणि वर ठरावीक मानधन या पद्धतीत संशोधन सोडून इतर कामांवर मानधनाची कमाल मर्यादा अंदाजित खर्चाच्या १० टक्के आहे.

पळवाटा दोन. रक्कम ठरावीक मर्यादेच्या आत राहिली, तर ही प्रमाणित आकडेवारी सहसा मागता येत नाही. आणि वस्तू 'व्यावसायिक', म्हणजे खुल्या बाजारात विकली जाणारी, ठरली तरीही नाही. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रान्सडाइम या विमानाचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या ४७ भागांची तपासणी प्रसिद्ध केली. ४६ भागांवर नफा अवाजवी आढळला. कंपनीनं १.६१ कोटी डॉलर परत केले. त्यात कंत्राट अधिकाऱ्यांनी बहुतांशी नियम पाळलेले होते, म्हणूनच ते प्रकरण जास्त बोचतं.

उपग्रह टर्मिनलच्या कंत्राटात पैसा कुठून झिरपतो, ते एका उदाहरणात बघू. दुवा वारंवार तुटतो, तंत्रज्ञ कन्व्हर्टर काढून कंपनीकडं पाठवतो. कंपनी तपासते, दोष सापडत नाही, पेटी परत येते. दोष होता कनेक्टरमध्ये शिरलेल्या ओलीचा, जो पेटी काढताना-घालताना तात्पुरता बरा झाला. महिन्यानं तीच पेटी पुन्हा निघते. कंत्राटात 'प्रति दुरुस्ती' असा एकच दर असेल, तर प्रत्येक फेरीला पूर्ण दुरुस्तीचे पैसे जातात. म्हणून दर तीन हवेत: नुसत्या तपासणीचा, प्रत्यक्ष दुरुस्तीचा, आणि दुरुस्ती परवडत नाही असं ठरल्यास पेटी परत करण्याचा. शिवाय 'दोष सापडला नाही' अशा पेट्यांची यादी दर तिमाहीला मागवायची. एकाच तळावरून त्या जास्त येत असतील, तर तिथल्या केबली बघायला माणूस पाठवायचा.

वर्षाचा ठोक दर असेल तर उलटं होतं. कंपनीला कमीत कमी पेट्या उघडण्यात फायदा, म्हणून टर्मिनल किती टक्के वेळ चालू राहिलं पाहिजे आणि पेटी किती दिवसांत परत आली पाहिजे, हे आकडे दंडासह लिहावे लागतात. नाहीतर पैसे वेळेवर जातात आणि पेट्या सहा-सहा महिने रांगेत पडतात.

'सैनिकांनीच का नाही दुरुस्त करायचं?'

काही प्रमाणात करतातच. पेनसिल्वेनियातल्या टोबिहाना इथल्या लष्करी डेपोत संपर्क आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांची मोठी दुरुस्ती होते, उपग्रह टर्मिनलचीही. डेपो पातळीच्या देखभालीवरच्या निधीपैकी ५० टक्क्यांहून जास्त रक्कम खासगी कंत्राटदारांकडं जाऊ नये, असा अमेरिकी कायदाच आहे.

पण डेपोलाही तीच पुस्तिका लागते, तेच चाचणी-सॉफ्टवेअर लागतं. ते नसेल तर डेपो पेटी उघडू शकतो, आतलं सर्किटचं कार्ड बदलू शकतो. कार्डावरचा बिघाड शोधू शकत नाही. ३० एप्रिल २०२५ च्या आदेशपत्रात अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी भूदलाला कंत्राटांत 'दुरुस्तीचा हक्क' आणण्याचं सांगितलं, ते याचसाठी. अंमलात खरी कसोटी जुन्या करारांची: ज्यात हक्क आधीच सोडून दिलेत, तिथं ते पैसे मोजूनच परत घ्यावे लागतील.

'तातडी आहे' म्हटलं की झालं?

हा आक्षेप सर्वांत रास्त. देखभालीचं कंत्राट कधी संपणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तरी आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपायच्या तोंडावर धावपळ होते, आणि जुन्याच कंपनीला काही महिन्यांची मुदतवाढ मिळते. मग आणखी एक. अशा जोड-कंत्राटांची साखळी होते.

नियम इथं स्पष्ट आहे: आगाऊ नियोजन केलं नाही, हे स्पर्धा टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. निधीची मुदत संपतेय, हेही नाही. तातडीच्या अपवादाखालचं कंत्राट वरिष्ठ पातळीवर खास मंजुरी असल्याशिवाय एक वर्षापेक्षा जास्त चालवता येत नाही. दुसऱ्या कंपनीला हरकत घ्यायची असेल, तर आधी सूचनेला मुदतीत उत्तर द्यायचं: हे काम आम्हाला जमतं, हे आमचे तंत्रज्ञ, ही आमची चाचणी-सामग्री. पहिल्या अपवादाखालच्या सूचनेत अशी उत्तरं विचारात घेऊ, असं लिहिणं सरकारवर बंधनकारक असतं. त्यानंतर गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसकडं, म्हणजे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेकडं, तक्रार करता येते. तिथं १०० दिवसांत निकाल लागतो. सूचनेला उत्तरच न देता केलेली तक्रार तिथं टिकणं अवघड.

समर्थनपत्र हातात आलं तर

कंत्राट दिल्यावर १४ दिवसांत समर्थनपत्र प्रसिद्ध करावं लागतं, तातडीचं असेल तर ३०. गोपनीय आकडे काळ्या पट्टीखाली जातात, तरी वाचण्यासारखं बरंच उरतं. पुनर्लेखनापूर्वीच्या साच्यात मुद्दे बारा असतात. पहिले चार-पाच साचेबंद म्हणून सोडून द्या. आठव्यात बाजारपाहणी कशी केली ते येतं: किती कंपन्यांना विचारलं, किती दिवस दिले, कोणी काय उत्तर दिलं. 'जाणकारांच्या मते दुसरा पुरवठादार नाही' एवढ्यावर भागवलं असेल, तर पाहणी झालेली नाही.

नवव्यात स्पर्धेसाठी लागणारे आराखडे का तयार किंवा उपलब्ध नाहीत, याचं स्पष्टीकरण हवं. आणि दुहेरी खर्चाचा दावा असेल तर तो आकडा कसा काढला तेही. आकडा गोल असेल आणि हिशेब नसेल, तर तिथं पेन्सिलीनं खूण करा.

अकराव्यात पुढच्या खेपेला स्पर्धा व्हावी म्हणून काय करणार, ते लिहायचं असतं. त्याच टर्मिनलचं पाच वर्षांपूर्वीचं समर्थनपत्र काढा आणि दोन्ही अकरावे मुद्दे शेजारी ठेवा. आधीच्यात 'माहितीचे हक्क घेण्याची शक्यता तपासू' असं असेल आणि नव्यात शब्दाशब्दानं तेच असेल, तर मधल्या पाच वर्षांत ते तपासायला कोणाची नेमणूक झाली होती आणि त्याला निधी दिला होता का, हे विचारायचं.